चरबी-कलेजीची सोयरीक

घोडा विकत घ्यायला आलेला माणूस आधी त्याचे दात बघतो. हे तराझ शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग कारखाना घ्यायला आलेला माणूस कढया का बघत नाही? हा प्रश्न रैखानच्या डोक्यात एकदा शिरला तो काही केल्या हलेना.

ब्रुनफेल्ड या युरोपातल्या बड्या चॉकलेट कंपनीची दोन माणसं आठवडाभर मुक्काम ठोकून होती. मारेक नावाचा पोलिश साहेब, गुबगुबीत, हसरा, मोडकीतोडकी रशियन बोलणारा. आणि लुत्स नावाचा इंजिनिअर, जो कुठलीच भाषा बोलायच्या फंदात पडत नसे. त्यांना कारखाना दाखवायचं काम रैखानकडे होतं, कारण ती पाकविभागाची प्रमुख. अल्माटीला शिकून आलेली, तिथं राहू शकली असती, पण परत आलेली. दुधाच्या पाकाच्या नुसत्या वासावरून तो दोन मिनिटांनी करपणार की नाही हे सांगू शकणारी बाई. आणि संशयी. इतकी की दुकानदारानं वजनात चार दाणे जास्त टाकले तरी ही तराजूच्या खाली वाकून बघणार.

ते कारखाना बघायला आले त्या दिवशी तिनं मुद्दाम तिसरी कढई दुरुस्त करू दिली नव्हती. आतला घोटणारा दांडा असा किंचाळत होता की शेजारी उभं राहवेना. इंजिनिअर त्या कढईच्या पुढून गेला. थांबला नाही, मान वळवली नाही, कानावर हातसुद्धा ठेवला नाही. सरळ गोदामात गेला आणि तिथं मात्र फीत काढून दारांची रुंदी मोजली, छताची उंची मोजली, बाहेर ट्रक कसा वळतो ते तीनदा विचारलं. मारेकचंही तेच. "तुमचा माल कुठल्या कुठल्या दुकानात जातो? गावागावात कोण पोचवतं? वाह, वाह! फारच छान!"

मुलगी बघायला यायचं, मुलीकडे ढुंकून बघायचं नाही आणि बापाच्या शेताच्या बांधावरून फिरत बसायचं, असला हा प्रकार.

कारखाना तसा मोठा नव्हता, पण त्याची एक टॉफी मोठी होती. 'बोझतोर्गाय', म्हणजे चंडोल. मेंढीच्या पाठीवर चंडोल अंडी घालायचा असा शांत, भरल्या पोटाचा काळ पूर्वी होऊन गेला म्हणतात. त्यावरून हे नाव. लग्नात नवरीवर मूठमूठ गोळ्या उधळतात, त्यात बोझतोर्गाय नसली तर वरमाईनं नाक मुरडलंच म्हणून समजा. अशा टॉफीवर परदेशी कंपनीचा डोळा पडला यात नवल नव्हतं. नवल वेळेचं होतं, आणि ते रैखानला खटकत होतं.

तिचा हिशोब साधा होता. इतकी वर्षं बाहेरच्या मिठाईवर जकात होती. कुंपण होतं, म्हणून आत शिरायला परदेशी कंपन्यांना इथलंच एखादं दार विकत घ्यावं लागे. तेव्हा कुणी आलं असतं तर तिनं समजून घेतलं असतं. पण आधी रशियाच्या सरहद्दीवरचे नाके उठले, मग गेल्या वर्षी देश जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि उरलीसुरली जकातही उतरणीला लागली. ब्रुनफेल्डचा नवाकोरा अवाढव्य कारखाना उरल पर्वताच्या पलीकडे धडधडत होता. तिथून ट्रक निघाला तर इथल्या बाजारापर्यंत त्याला हात दाखवायला कुणी उरलं नव्हतं. कुंपणच पडलं, मग हे लोक दार कशाला विकत घेतायत?

"दार नको असेल त्यांना," ती संचालक तोलेगेन यांच्या खोलीत जाऊन म्हणाली. "दारावरची पाटी हवी असेल. आपलं नाव, आपली दुकानं. टॉफी येईल तिकडून, कागद असेल आपला."

तोलेगेन सत्तरीचे. सगळे त्यांना मानानं तोके म्हणत. त्यांनी चहाची वाटी तिच्याकडे सरकवली.

"बस. चहा घे. तू जन्मलीस तेव्हासुद्धा सुईणीचे हात तपासले असशील."

"तोके, मी थट्टा करत नाही."

"मी पण नाही. विकत घेणं म्हणू नकोस, विलीनीकरण म्हण. दोन कंपन्या एक होतायत. एकटे राहिलो तर काय होईल ते बाजारात जाऊन बघ. त्यांची गोळी आपल्यापेक्षा स्वस्त आहे आत्ताच. वाघाच्या पाठीवर बसलेलं बरं, समोर उभं राहण्यापेक्षा."

"पाठीवर की पोटात?"

तोलेगेन हसले. पण हसताना ते खिडकीबाहेर बघत होते. रैखानला वाटलं, म्हातारा थकलाय. तिला वाईट वाटलं आणि ती चहा पिऊन उठली.

या माणसाबद्दल तिच्या मनात संशयाला जागाच नव्हती. नव्वदच्या दशकात, सगळं मोडून पडलं होतं तेव्हा, आसपासच्या कारखान्यांतली यंत्रं रातोरात भंगारात गेली. तोलेगेन शिकारीची बंदूक घेऊन आख्खा हिवाळा फाटकाशी बसले होते. पगाराऐवजी टॉफी वाटायचे, पण वाटायचे. रैखानचा नवरा गेला तेव्हा दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी तेच घरी आले आणि म्हणाले, "पाक एकटा उकळत नाही पोरी, कामावर ये." तिला जगवलं ते त्या एका वाक्यानं. बाप गेल्यावर बापाच्या जागी तिनं याच माणसाला बसवलं होतं.

आता गोम अशी होती की विलीनीकरण एकट्या तोलेगेनच्या सहीनं होणार नव्हतं. सोव्हिएत मोडलं तेव्हा कारखान्याचे भाग, म्हणजे शेअर, कामगारांत वाटले गेले होते. दुसरीकडच्या लोकांनी आपले भाग पिठाच्या पोत्यावर विकून टाकले. इथल्या बायकांनी विकले नाहीत, कारण तेव्हा पोरसवदा असलेल्या रैखाननं त्यांना बजावलं होतं, "पीठ संपेल, भाग ठेवा." त्या एका शब्दावर तिची पत उभी होती. सोमवारी मतदान होतं, आणि टॉफ्यांना कागद गुंडाळणाऱ्या बांधणीघरातल्या बायकांनी सरळ सांगून टाकलं होतं, "आम्हाला काय कळतंय त्या कागदांतलं? तू हात वर केलास की आम्ही करू. तू खाली ठेवलास की खाली."

म्हणजे कारखाना बंद पडला तर तो रैखानच्या हातानं बंद पडणार होता. या विचारानं तिचं जेवण उडालं.

तिनं मारेकला समोरासमोर विचारून पाहिलं. "कढया चालू राहतील का?"

"अर्थात! अर्थात!" मारेक म्हणाला. "आपण एक कुटुंब होणार!"

"कुटुंब म्हणतोय," तिनं बांधणीघरात येऊन सांगितलं.

बांधणीघराची म्होरकी बाल्झान अपा, म्हणजे बाल्झान ताई. वयानं तोलेगेनपेक्षाही थोरली, निवृत्त होऊन जमाना झाला तरी रोज येऊन बसणारी, कारण घरी सुनेशी पटत नसे. तिनं टॉफीच्या कागदाची शेंडी पिळता पिळता तोंड उघडलं.

"मांजर आणि उंदीर विलीन झाले की मागं मांजरच उरतं बाई. पण कुटुंब म्हणाला ना? मग होऊ दे की व्याही. व्याह्यासारखं बसव त्याला, चरबी-कलेजी चार, मग बघू."

बायका खिदळल्या. रैखान मात्र हसली नाही. थट्टेत म्हाताऱ्या बाईनं नेमकी गोष्ट सांगितली होती.

चरबी-कलेजी म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी, उकडून, पातळ कापून, एकावर एक ठेवलेली. सोयरीक ठरली की दोन्हीकडचे लोक ती खातात, मुलीकडच्या बायका स्वतःच्या हातानं भरवतात. कागद फाटतो, साक्षीदार मरतो, पण चरबी-कलेजी पोटात गेली की शब्द फिरवायचा नसतो. फिरवणाऱ्याच्या घरी कुणी पाणी पीत नाही. ज्याच्या मनात पाप आहे त्याच्या घशाखाली तो तुकडा उतरत नाही, असं जुनी माणसं सांगत, आणि रैखान शिकलेली असली तरी शिकलेपण काही सगळीकडे पोचत नाही.

"त्यांना खायला घालूया," ती तोलेगेनना म्हणाली. "रविवारी, आपल्या भोजनघरात, सगळ्यांसमोर. अर्थ आधी सांगायचा. मग भरवायचं. गिळलं तर सोमवारी माझा हात वर."

तोलेगेननी मान वर केली. "वेडी आहेस का? लग्न आहे का हे?"

"तेच म्हणाले, एक कुटुंब."

"परक्या लोकांना असलं काही..."

"का? भीती कसली?"

दाराबाहेर बाल्झान अपा कान लावून उभी होतीच, तिनं आतमध्ये मुंडकं घातलं. "मेंढी मी आणते रे तोलेगेन! माझ्या भावाकडची, शेपूट बघशील तर तोंडाला पाणी सुटेल!" आणि ती बातमी घेऊन बांधणीघराकडे सुटलीसुद्धा. आता नाही म्हणणं तोलेगेनच्या हातात राहिलं नाही. ते काचेचा पेपरवेट उगाच फिरवत राहिले. त्यांना अभिमान वाटतोय, असं रैखाननं मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी दुपारी भोजनघर भरलं. लांब टेबलांवर बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, सुकामेवा, दुधाचा चहा, आणि मधोमध वाडगाभर बोझतोर्गाय. पाहुण्यांना वरच्या जागेवर बसवलं. त्यांच्या शेजारी तोलेगेन, नव्या कोटात, दाढी नीट केलेली. बायकांनी गाणं म्हटलं. दोघीजणींनी रीतीप्रमाणे मारेकच्या गालाला पीठ फासलं, तेव्हा तो इतका खूश झाला की त्यानं दुसरा गाल पुढे केला.

मग तबक आलं. रैखाननं ते हातात घेतलं. बाल्झान अपा तिच्या शेजारी उभी राहून रशियनमध्ये, ठोकून ठोकून बोलली.

"साहेब, नीट ऐका. हे खाल्लं की तुम्ही आमचे व्याही. मग आमचं पोट ते तुमचं पोट. यानंतर जो फसवेल त्याला तोंड उरत नाही. कळलं?"

"कळलं, कळलं! फार सुंदर परंपरा!" मारेक म्हणाला.

रैखाननं तुकडा उचलला. मारेकनं तोंड उघडलं, तिनं भरवलं, आणि त्याच्या जबड्याकडे, गळ्याकडे ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. तो चावला. थांबला नाही. डोळे मिटून चावला आणि गिळला. लुत्सनं आधी फोटो काढला, मग गिळला, आणि बोटं चाटली.

सगळं भोजनघर आनंदानं ओरडलं. कुणीतरी मूठभर टॉफ्या हवेत उधळल्या. रैखानच्या छातीवरचा दगड सरकला. आपण चुकलो, तिला वाटलं, चांगल्या माणसांवर उगाच आळ घेतला. तिला स्वतःची लाज वाटली आणि ती लाजसुद्धा गोड वाटली.

तेवढ्यात मारेक म्हणाला, "आणखी एक मिळेल का? मस्त आहे!"

रैखाननं त्याला दुसरा तुकडा भरवला. तो तोंडात घालता घालताच तिचा हात थबकला. शपथ कुणी पुन्हा मागून घेतं का? कुराणावर हात ठेवलेला माणूस कधी म्हणतो का, आणखी एकदा ठेवू द्या, गार वाटतं म्हणून? या माणसानं शपथ घेतलीच नव्हती. यानं मटण खाल्लं होतं. बाल्झान अपानं सांगितलेलं सगळं त्याच्या कानावरून गेलं होतं, लग्नातल्या पाहुण्याच्या कानावरून वरपक्षाचं भाषण जातं तसं. अख्खी शेपूट भरवली असती तरी तो ढेकर देऊन मोकळा झाला असता. केवढी गाढव मी, तिच्या मनात आलं. शपथ ज्याला कळते त्यालाच बांधते. आणि या टेबलाच्या वरच्या अंगाला ती कळणारा माणूस एकच बसला होता.

ती वळली. "तोके, आता तुम्ही."

"आधी पाहुणे होऊ देत," तोलेगेन म्हणाले.

"पाहुण्यांनी दोनदा खाल्लं."

"मग बायकांना दे."

"बायका तुमच्यानंतर. रीत आहे. सगळ्याजणी तुकडा हातात धरून बसल्यात, बघा ना."

खरंच बसल्या होत्या. बांधणीघर, पाकविभाग, सगळ्या जणी आपापला तुकडा बोटांत धरून संचालकांच्या तोंडाकडे बघत होत्या. तोलेगेननी रुमालानं कपाळ पुसलं.

"डॉक्टरनं चरबी बंद केलीय मला."

हशा पिकला. बाल्झान अपा तर टेबलावर हात आपटून हसली. "कुठला डॉक्टर रे? गेल्या जुम्म्याला माझ्या पणतवाच्या पाळण्याच्या जेवणात अर्धी शेपूट एकटा खाऊन गेलास! वर घरी न्यायला डबा मागितलास!"

आणखी हशा. तोलेगेनही हसले, पण ओठ मिटून. रैखाननं तुकडा त्यांच्या तोंडासमोर धरला होता. तो तिनं तसाच धरून ठेवला. इतक्या जवळून त्यांच्या चेहऱ्याकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं. बंदूक घेऊन फाटकाशी बसलेला तो माणूस चोरांना घाबरला नव्हता. आज तो उकडलेल्या चरबीच्या एका कापाला घाबरला होता.

हळूहळू हशा विरला. पुढच्या टेबलावरून मागच्या टेबलापर्यंत शांतता सरकत गेली. या लोकांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. भरवायला पुढे धरलेला हात भरलेलाच परत पाठवायचा नसतो, हे त्यांना आईचं दूध पितानाच कळलेलं असतं.

"रैखान," तोलेगेन अगदी हळू म्हणाले, "हे नको घालूस. दुसरं काहीही घाल."

तिला वाटलं होतं राग येईल. राग आला नाही. घरातलं कुणी गेल्याची बातमी यावी तसं झालं.

"कधी?" तिनं विचारलं.

"काय कधी?"

"तोके."

ते टेबलाकडे बघत, पाहुण्यांना न कळणाऱ्या आपल्या भाषेत बोलले. "नवरोजच्या सणानंतर. आधी पाकविभाग बंद, मग बाकीचं. गोदाम राहील."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून." त्यांचा आवाज चिरकला. "ऐक माझं. ते नाही आले तरी दोन वर्षांत आपण संपतोय. रोज ट्रक येतायत, बघतेस ना? आज नावाला किंमत आहे तोवर विकलं तर निदान प्रत्येकीच्या भागाचं काहीतरी हातात येईल. उद्या फुकटही कुणी घेणार नाही. मी तुमचंच बघितलं."

"मग सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर मत दिलं असतंस?"

"कदाचित दिलं असतं," रैखान म्हणाली. "माहीत असून दिलं असतं."

तोलेगेननी तिच्याकडे पाहिलं. याचा विचार त्यांनी केलाच नव्हता, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. इतकी वर्षं सगळ्यांचा बाप होऊन राहिलेल्या माणसाला पोरं मोठी झाल्याचं कळलंच नव्हतं.

"खोटं बोललो मी," ते म्हणाले, "आणखीही बोललो असतो. पण हे पोटात घालून नाही बोलता येणार मला. तेवढं माझ्यानं होत नाही."

बाल्झान अपा हाताच्या अंतरावर उभी होती. तिचे कान म्हातारे नव्हते. तिनं आपल्या बोटांतला तुकडा तबकात परत ठेवला आणि बाकावर बसली. मग पहिल्या टेबलावरच्या बाईनं ठेवला. मग तिच्या शेजारणीनं. तबक टेबलांवरून मागे फिरत गेलं आणि पुन्हा भरत गेलं. सोमवारचं मतदान रविवारीच झालं. कुणी हात वर केला नाही की आवाज चढवला नाही. फक्त मागच्या कोपऱ्यात कुणीतरी नाक ओढलं.

आपलंच खरं ठरलं याचा रैखानला काडीचा आनंद झाला नाही. आपण चुकावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं होतं. कारखाना आज वाचला होता, आणि उद्या सकाळी सरहद्दीवरून ट्रक येणारच होते. त्यांच्यासमोर आता म्हाताऱ्याशिवाय उभं राहायचं होतं.

मारेक आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. गालावरचं पीठ तसंच होतं. "काय झालं?" त्यानं काळजीनं विचारलं. "साहेबांचं पथ्य आहे का?"

रैखानच्या हातात तोलेगेनच्या वाट्याचा तुकडा अजून होता. कोमट झालेला, चरबी बोटांवरून मनगटाकडे ओघळत होती. अन्न टाकायचं नसतं. तिनं तो मारेकच्या पुढे धरला, आणि त्यानं आनंदानं तोंड उघडलं.